मशीनचं मटण आणि पार्बताबाईचा वाटा

"मॅडम, तुमच्या एका गावात सगळेच्या सगळे 'नक्की घेईन' म्हणालेत. असं कधी होतं का?"

एजन्सीच्या ऑफिसातून सुमीतचा फोन आला तेव्हा मी ब्रह्मपुरीच्या गाडीतून चंद्रपूरला नुकती उतरले होते. एका हातात टॅब्लेट, दुसऱ्या हातात फोन, खांद्याला कपड्यांची बॅग, आणि समोर तीन ऑटोवाले. मी म्हटलं, "होत नाही. पण झालंय."

"म्हणजे?"

"म्हणजे मी विचारलं, त्यांनी सांगितलं, मी टिक केलं."

तो म्हणाला, "मी रेकॉर्डिंग ऐकलं. आवाज खरे आहेत. पण सगळे एकाच सुरात 'लिवा, लिवा' म्हणतायत. शिकवल्यासारखे. राग मानू नका, पण हे मला वर एक्स्प्लेन करावं लागेल."

मला राग आला. तो मी ऑटोवाल्यावर काढला.

मी मार्केट रिसर्चमध्ये फील्डचं काम करते. बावीस वर्षं झाली. कुठलीही कंपनी नवी वस्तू आणायच्या आधी लोकांना विचारते, की बाबांनो, हे आणलं तर घ्याल का? ते विचारायला दारोदार जी बाई येते, ती मी. साबण विचारून झाला, सिमकार्ड झालं, डासांची कॉइल झाली. या वेळची वस्तू वेगळी होती. लॅबमध्ये वाढवलेलं मांस. जनावराच्या अंगातून थोड्या पेशी काढायच्या, मोठ्या टाकीत त्यांना खाऊपिऊ घालून वाढवायच्या, आणि मांस तयार करायचं. जनावर कापायचं नाही. आपल्याकडे ते अजून बाजारात नाही. पण येण्याआधी लोकांच्या मनात काय आहे, हे कोणाला तरी जाणून घ्यायचं होतं. कोणाला, ते मला सांगितलं नव्हतं. क्लायंटचं नाव फील्डवरच्या माणसाला कधीच सांगत नाहीत.

आमच्या कामात शोकार्ड नावाचं एक प्रकरण असतं. पुठ्ठ्यावर पाच उत्तरं छापलेली असतात. नक्की घेईन, बहुतेक घेईन, सांगता येत नाही, बहुतेक घेणार नाही, नक्की घेणार नाही. समोरच्याने एकावर बोट ठेवायचं. एखाद्या गावातले सगळे फॉर्म 'नक्की घेईन'मध्ये गेले, की ऑफिसला पहिला संशय एकच येतो. बाई चहाच्या टपरीवर बसली आणि फॉर्म भरून मोकळी झाली.

संशय घेण्यासारखं होतंही. बाकी ठिकाणी वारं उलटं होतं. ब्रह्मपुरीला कॉलेजातल्या पोरांनी आधी प्रोटीन किती ते विचारलं आणि मग म्हणाली, घरी आणलं तर आई दारातूनच परत पाठवेल. कोरपन्याला सिमेंटच्या प्लांटवरच्या एका कामगाराची बायको म्हणाली, "राशनच्या तांदरात ते प्लॅस्टिकचे दाने येऊन राह्यले, तेच पुरे झालं बाई. आता मटनबी तसंच?" ते दाणे प्लॅस्टिकचे नसतात, पोषणासाठी मिसळलेले असतात. पण समोरच्याला दुरुस्त करणं माझ्या कामात बसत नाही. मी टिक केलं आणि पुढे गेले. एका बौद्ध वस्तीतले निवृत्त गुरुजी मात्र बराच वेळ विचार करत बसले. म्हणाले, "जीव जात नसेल तं चांगलंच हाय. पण ज्या कारखान्यात ते होते, तिथी आपल्याले आत जाऊन पाहू देतीन काय?" त्यांनी 'सांगता येत नाही'वर बोट ठेवलं. बावीस वर्षांत इतकं सरळ उत्तर मला कमी वेळा मिळालं आहे.

आणि मग हे पोंभुर्ण्याच्या पुढचं गाव. नाव सांगत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. ढिवरांची घरं जास्त, तलावातली मासेमारी, थोडं धान, उरलेल्या दिवसांत मजुरी. तिथे मी कार्ड वाचून दाखवलं की माणसं माना डोलवायची आणि पहिल्या उत्तरावर बोट ठेवायची. मला तेव्हा बरं वाटलं होतं. काम भराभर होत होतं.

"रविवारी मी स्वतः बॅक-चेकला येतो," सुमीत म्हणाला. बॅक-चेक म्हणजे ज्याला विचारलं त्याच्याकडे परत जाऊन तेच विचारायचं. उत्तर जुळलं नाही तर फॉर्म रद्द. बरेच रद्द झाले तर बाईचं नाव एजन्सीच्या ग्रुपवर टाकतात, आणि मग तिला कोणीच बोलावत नाही. माझ्या नावावर एकही खोटा फॉर्म नाही. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, मिरवायला माझ्याकडे एवढंच आहे.

त्याच दिवशी मी गावातल्या महादेवभाऊंना फोन केला. हे तिथले जाणते. सर्व्हेच्या दिवशी त्यांच्याच ओसरीवर मी चहा प्याले होते. त्यांना म्हटलं, "रविवारी आमचे साहेब येतात. मी ज्यांची नावं लिहिली, त्यांना घरी राहायला सांगा."

"हो म्याडम. सांगतो साऱ्यायले," ते म्हणाले. आवाजात जरा जास्तच उत्साह होता. तो तेव्हा माझ्या लक्षात यायला हवा होता.

शनिवार मी घरात काढला. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मी एकटी. फील्डवर असले की दिवसभर तोंड चालू असतं, पण त्यातलं एकही वाक्य माझं नसतं. सगळी कार्डावरची. घरी आले की कार्डही नसतं. कोणी मला 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारून किती दिवस झाले, याचा हिशोब करायला बसले आणि सोडून दिला.

रविवारी सकाळी सुमीत नागपूरहून गाडी करून आला. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पुण्याचा, वागायला सभ्य. वाटेत तो फार बोलला नाही. माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्याचं ठरायचं होतं.

गाडी तलावाच्या पाळीशी थांबली. पाळीवर सावलीत अख्खं गाव बसलं होतं. बायका, पुरुष, म्हातारी माणसं. आणि प्रत्येकाजवळ भांडं. कोणाचा पातेल्यासारखा गंज, कोणाची झाकणाची बादली, कोणाचा डबा.

"आज काही प्रोग्राम आहे का इथे?" सुमीतने विचारलं.

मला उत्तर द्यायची गरज पडली नाही. महादेवभाऊ पुढे आले, नमस्कार केला, आणि गाडीच्या डिक्कीकडे पाहत म्हणाले, "आनलं काय म्याडम?"

"काय?"

"मशीनचं मटन."

सुमीत समजावू लागला. काका, हे वाटप नाहीये, ही वस्तू अजून आलेलीच नाही, आम्ही फक्त तुमचं मत विचारलं. महादेवभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब," ते म्हणाले, "तुमची म्याडम घरोघरी आली. घेता काय म्हनून पुसलं. घरात मानसं किती ते पुसलं. नाव लिवलं. मंग निरोप देल्ला का रविवारी साहेब येते, घरी राहा. आता हे वाट्याचं नाई तं कायचं होय?"

वाटा काय असतो, ते इथे सांगायला हवं. या गावात मटणाचं दुकान नाही. चार-सहा आठवड्यांनी कोणाचा तरी बोकड ठरतो. मग एक माणूस घरोघरी फिरतो. घेता काय विचारतो, घरात माणसं किती ते विचारतो, नावं धरतो. रविवारी सकाळी बोकड पडतो. पळसाची पानं ओळीने मांडतात आणि प्रत्येक पानावर सगळ्यातलं थोडं थोडं पडतं. कलेजी सगळ्यांना, हाडं सगळ्यांना, चरबी सगळ्यांना. कोणाला तक्रारीला जागा नाही. जो हे मांडतो त्याच्यावर गावाचा विश्वास लागतो. या गावात तो माणूस म्हणजे महादेवभाऊ.

मी काही परकी नाही. माझं बालपण मूलच्या बाजूच्या खेड्यात गेलं. असे वाटे मी आणायला गेले आहे. तरी प्रश्नावलीतले प्रश्न त्याच क्रमाने विचारताना मला एकदाही ते आठवलं नाही. हातात टॅब्लेट आला की माणूस आपलं गाव विसरतो, दुसरं काय.

सुमीत मात्र पक्का रिसर्चवाला. त्याने विचारलं, "पण काका, मशीनचं आणलं असतं तर तुम्ही खाल्लं असतं?"

"सारे घेतीन तं मीबी घेईन."

"आणि बाकीच्यांनी नाही घेतलं तर?"

"तं मी एकटाच काऊन घेऊ?"

"म्हणजे तुमचं उत्तर हो आहे की नाही?"

महादेवभाऊंनी त्याच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "वाटे पडले तं हो. दुकानातून पुडीत आनाव लागलं तं नाई."

सुमीतने आणखी चार-पाच जणांना विचारलं. शब्द वेगळे, उत्तर तेच. त्यांचा होकार त्या मांसाला नव्हताच. गावाची यादी होत असेल तर त्यात आपलं घर असलं पाहिजे, एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं. मांस टाकीतून आलं का बोकडातून, हा नंतरचा प्रश्न होता. माझ्या कार्डावर असं उत्तर नव्हतं.

"मॅडम, डेटा खरा आहे," सुमीत हळूच म्हणाला. "फक्त निरुपयोगी आहे. सॉरी, मी तुमच्यावर शंका घेतली."

मी सुटले. गाडीत बसून निघून जायला हरकत नव्हती. पण पाळीवरची माणसं अजून भांडी घेऊन बसली होती आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. एक बाई म्हणाली, "मी तं मसाला वाटून बसली ना वो." त्यावर हसू झालं. कोणी माझ्यावर चिडलं नाही, याचंच मला जास्त लागलं.

मग महादेवभाऊ म्हणाले, "आता गंज घेऊन आलोच हावो तं रिकाम्या हातानं काऊन जावा?" पाच मिनिटांत एकाचा बोकड ठरला. दोघे पळसाची पानं तोडायला गेले. महादेवभाऊ काडीने मातीवर रेघा ओढत घरं मोजायला लागले.

तेव्हा मला पार्बताबाई दिसल्या. ओळीच्या पार शेवटी, मोहाच्या झाडाखाली, मांडीवर एक छोटा स्टीलचा डबा. त्या मला चांगल्या आठवत होत्या. सर्व्हेच्या दिवशी शेवटचं घर त्यांचंच होतं. मी सगळे प्रश्न विचारले, त्यांनी सगळ्याला 'नक्की' म्हटलं. मग विचारलं, "माह्यबी नाव लिवता काय?" मी हो म्हटलं, तर म्हणाल्या, कुठी लिवलं ते दाखवा. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी स्क्रीनवरच्या त्या अक्षरांकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. नवरा तीन वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. घरातली माणसं किती, या प्रश्नाला त्यांनी फक्त एक बोट वर केलं होतं.

महादेवभाऊंच्या रेघा घराघरावरून गेल्या आणि पार्बताबाईंचं घर ओलांडून थांबल्या. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "भाऊ, पार्बताबाई राहिल्या."

"नाई, त्या नाई राह्यत वाट्यात," ते म्हणाले. "मालक गेला त्या वर्षी पुसलं होतं. एकटीले एवढा वाटा कायले, म्हने. तवापासून नाई पुसत. बिचारीले काऊन तरास द्या?"

त्यांच्या मनात काहीच वाईट नव्हतं. हे खरंच त्यांना सौजन्य वाटत होतं. आणि पार्बताबाई स्वतःहून बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. मला द्या म्हणणं म्हणजे मागणं झालं, आणि वाटा मागायचा नसतो, कोणी तरी विचारायचा असतो. त्या पाण्याकडे बघत बसल्या होत्या. थोड्या वेळाने उठून रिकामा डबा घेऊन त्या घरी गेल्या असत्या, आणि त्यानंतर कोणीही काहीही विचारायला आलं असतं तरी त्यांनी दार उघडलं नसतं. द्यायला काहीच नसताना मी त्यांचं नाव लिहून घेऊन आले होते. हे मीच केलेलं होतं.

मी त्यांच्या वतीने बोलले असते तर तो दयेचा वाटा झाला असता. तो त्यांनी घेतला नसता, हे मला माहीत होतं. त्यांच्या जागी मीही घेतला नसता.

एवढ्यात गलका झाला. कोणी म्हणालं आमचं घर दोनदा धरलं, कोणी म्हणालं एकदाही नाही. महादेवभाऊंनी काडी टाकली. "म्याडमजवर यादी हाय ना. वाचा तुमी, म्हंजे कोनी सुटत नाई."

"नाही नाही," सुमीत एकदम पुढे झाला. "मॅडम, कॉन्फिडेन्शियल आहे ते."

खरंच होतं. ज्याने उत्तर दिलं त्याचं नाव तिसऱ्या माणसाला सांगायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. तसं मी दर कामाच्या आधी लिहून देते. बावीस वर्षांत नवऱ्याला बायकोचं उत्तर सांगितलं नाही, सरपंचाला गावाचं सांगितलं नाही. एकदा एका पोलिसालाही नाही म्हटलं होतं.

मी टॅब्लेट उघडला आणि वाचायला लागले. सुमीत दुसऱ्यांदा "मॅडम" म्हणाला. मी थांबले नाही. ज्या क्रमाने दारं केली होती, त्याच क्रमाने नावं. प्रत्येक नावाला महादेवभाऊ एक पान मांडत होते. शेवटी मी म्हटलं, "आणि पार्बताबाई."

महादेवभाऊंचा हात थांबला. सगळ्यांनी मोहाच्या झाडाकडे पाहिलं. महादेवभाऊंनी तिथूनच विचारलं, "घेता काय वो बाई?"

पार्बताबाईंनी पदर सारखा केला. "म्याडमनं लिवलं हाय ना," त्या म्हणाल्या.

महादेवभाऊंनी ओळीत आणखी एक पान ठेवलं.

वाटे पडेपर्यंत आम्ही थांबलो. सुमीत शाकाहारी. तो तलावाकडे तोंड करून उभा राहिला आणि फोनवर काहीतरी टाइप करत राहिला. काय, ते मला माहीत होतं. माणसं आपापलं पान भांड्यात रिकामं करून निघू लागली, तेव्हा ओळीच्या टोकाला एक पान उरलेलं दिसलं.

"हा तुमचा, म्याडम," महादेवभाऊ म्हणाले.

मी सवयीने म्हणून गेले, "नको भाऊ. मी एकटीच. एवढं कोण खाणार?"

पार्बताबाई तिथून चालल्या होत्या. डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं, इतका तो भरला होता. त्या माझ्याजवळ थांबल्या.

"नाई म्हनू नका बाई," त्या म्हणाल्या. "एकदा म्हटलं का मंग कोनी पुसत नाई."

मी पान उचललं.

परतीच्या वाटेवर सुमीतने गाडीच्या चारही काचा उघड्या ठेवल्या. पोंभुर्णा मागे पडल्यावर म्हणाला, "मॅडम, नावं वाचलीत ते मला रिपोर्ट करावं लागेल."

"करा," मी म्हटलं. त्याचं चुकत नव्हतं.

त्या गावाचे सगळे फॉर्म रद्द झाले. त्याच्या बदली दुसऱ्या तालुक्यातलं गाव घेतलं, आणि तिथे दुसरी बाई गेली. मला एक ईमेल आला. भाषा सभ्य होती, अर्थ असा की आता येऊ नका. महादेवभाऊंचं ते 'वाटे पडले तं हो' रिपोर्टात गेलं का, हे मी सुमीतला नंतर फोन करून विचारलं. तो म्हणाला, त्यासाठी चार्टमध्ये कॉलम नव्हता.

वाटा चार माणसांचा होता. मी आईच्या मोठ्या पातेल्यात रस्सा केला आणि तीन दिवस खाल्ला. तिसऱ्या दिवशी गरम करताना रडू आलं, ते लपवण्यात अर्थ नाही. आई गेल्यावर खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी मला जेवायला बोलावलं होतं. मी नको म्हटलं होतं, उगाच कशाला त्रास म्हणून. त्यांनी परत बोलावलं नाही. दोन वर्षं जिन्यात त्या भेटल्या की मी मनातल्या मनात त्यांना कोरडं ठरवत होते. त्या बापड्या मला त्रास देत नव्हत्या, एवढंच.

पातेल्यात दोन वाट्या उरल्या होत्या. त्या घेऊन मी खाली गेले आणि त्यांना म्हटलं, "मटण आहे. आणि त्या वेळी मी नको म्हटलं होतं, ते त्या वेळेपुरतं होतं." त्यांना कोणती वेळ, ते आठवायला थोडं थांबावं लागलं. मग त्यांनी मला आत बोलावलं.

आता मी एका दुसऱ्या एजन्सीत नव्या मुलींना ट्रेनिंग देते. फॉर्ममध्ये 'नाही' आलं की टॅब्लेट पुढचे सगळे प्रश्न गाळून थेट 'धन्यवाद'वर जातो, आणि मुलींना ते फार आवडतं, कारण काम लवकर संपतं. मी त्यांना नियम शिकवते, मोडायला सांगत नाही. फक्त एक गोष्ट फळ्यावर लिहून देते. 'नाही' हे त्या दिवसाचं उत्तर असतं. फॉर्मवर तारीख टाकायची असते, ती त्यासाठीच.